सोलापूरकरांचा शेजारचा परदेश

परदेशीं सहलीस जावयाचें तर समुद्रकांठीं जावें कीं एखाद्या मोठ्या शहरीं, हा प्रश्न हल्लीं उन्हाळ्याच्या तोंडीं सोलापुरांतहि घरोघर निघतो. ज्या गांवाच्या सभोंवार काळी जमीन, ज्वारीचीं शेतें, बेभरंवशाचा पाऊस आणि चैत्र-वैशाखांत चाळीस अंशांपलीकडे जाणारा उन्हाळा, त्या गांवच्या माणसास समुद्राची ओढ वाटावी हें साहजिक आहे. मागांच्या आणि पेठांच्या या गांवाचा मोठ्या शहरांशीं संबंध जुना. तेव्हां शहराची ओढहि तितकीच साहजिक होय. परंतु या प्रश्नाचा इतिहास पाहूं गेल्यास असें आढळतें कीं, समुद्र निवडला म्हणून प्रवास साधला किंवा शहर निवडलें म्हणून तो फसला, असें क्वचितच झालें. ज्यांनीं जाण्याइतकाच परतण्याचा विचार आधीं केला त्यांचा प्रवास बहुधा साधला. इतरांचा दैवावर राहिला.

याचा दाखला शोधण्यासाठीं लंडन-पॅरिसपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. परदेश म्हणजे साता समुद्रांपलीकडची भूमि, अशी आपल्याकडे समजूत असली, तरी १९६१ सालापर्यंत एक परदेश सोलापूरकरांच्या आगगाडीच्या वाटेवरच होता. तो म्हणजे पोर्तुगीजांच्या अमलाखालील गोवा. १५१० सालीं आफोन्सो द आल्बुकेर्क यानें गोवें जिंकल्यापासून सुमारें साडेचारशें वर्षें पोर्तुगालचें निशाण तेथें फडकत होतें, आणि अखेरच्या पाऊणशें वर्षांत तेथें जाण्यास सोलापूरकराला जहाजावर पाऊल ठेवण्याचीहि गरज नव्हती.

सोलापुरास आगगाडी आली ती १८६० सालीं. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा हा मार्ग पुढें रायचूरास मद्रासकडून आलेल्या मार्गास मिळाला, आणि मुंबई-मद्रास या दोन बंदरांमधील वाटेवरचें एक मोठें ठाणें म्हणून सोलापूर नांवारूपास आलें. त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत सोलापुराच्या दक्षिणेस अगदीं जवळ असलेल्या होटगी स्टेशनांतून विजापूर, बागलकोट, गदग असा लहान मापाचा लोहमार्ग निघाला. त्याला गदगहून हुबळी, धारवाड, लोंढा या मार्गाची जोड मिळाली, आणि लोंढ्यापासून सह्याद्रि उतरून मुरगांव बंदरापर्यंत रूळ पोंचले. होटगीस गाडी बदलावी, विजापूरचा घुमट खिडकींतून पाहावा, घाटांत दूधसागरचा प्रपात ओलांडावा आणि मडगांवीं उतरावें, असा हा प्रवास होता.

हा घाटांतील मार्ग राजकीय करारांतून जन्मास आला. १८७८ सालीं इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यांत एक तह झाला. त्या तहानें मुरगांवच्या लोहमार्गाची तजवीज झाली, दोन्ही मुलुखांमधील जकातीची भिंत काढून टाकण्यांत आली आणि गोव्याच्या मिठाच्या धंद्यावर इंग्रज सरकारचें नियंत्रण आलें. १८८० पासून बारा वर्षें ही व्यवस्था चालली. १८९२ मध्यें मुदत संपतांच तह गुंडाळला गेला. लोहमार्ग राहिला, पण जकातीची भिंत पुनः उभी राहिली. कॅसल रॉक हें इंग्रजी हद्दीचें टोंक आणि घाट उतरल्यावर कुळें हें पोर्तुगीज हद्दीचें नाकें. प्रवासी तेच आणि सामानहि तेंच. परंतु या दोन स्टेशनांच्या दरम्यान राज्य बदललेलें असे. एका बाजूस जो माल निर्वेध, तो दुसऱ्या बाजूस जकातीस पात्र ठरे. जातांना स्वस्त म्हणून घेतलेली विलायती वस्तु परततांना महाग पडे ती याच ठिकाणीं.

गोव्यांत उतरल्यावर मात्र हा परदेशपणा डोळ्यांस दिसत नसे. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा, नागेशी हीं महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील कित्येक घराण्यांचीं कुलदैवतें. देवळांत कीर्तन मराठी, घरांत बोली कोंकणी, ताटांत भात आणि मासळी. सोलापूरच्या भाकरीस चुकल्याचुकल्यासारखें वाटे एवढेंच. परंतु सरकारी दप्तराची भाषा पोर्तुगीज होती. नाण्यांनोटांवरची मुद्रा पोर्तुगालची होती. विवाहाची नोंद, वारसा, मिळकतीची वांटणी हीं सारीं १८६७ सालच्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणें चालत. आपल्यासारखा दिसणारा आणि आपल्या कायद्यानें न चालणारा, असा हा मुलूख होता. आणि परदेशांचे जे प्रकार आहेत त्यांत हाच प्रकार प्रवाशाला अधिक फसविणारा असतो. लंडनच्या धक्क्यावर उतरलेला मनुष्य पहिल्या पावलापासून जपून वागतो. कुळ्यास उतरलेल्याला जपण्याची आठवण होण्यास कांहीं कारण नसे.

या गोष्टीचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एका विश्रांतीच्या सहलींतूनच घडलें. डॉ. राममनोहर लोहिया हे एप्रिल १९४६ मध्यें आग्र्याच्या तुरुंगांतून सुटले तेव्हां त्यांची प्रकृति खालावलेली होती. बर्लिनमध्यें शिकत असतांनाचे त्यांचे स्नेही डॉ. जुलियांव मिनेझिश यांनीं विश्रांतीसाठीं त्यांना आपल्या गांवीं, साष्टी तालुक्यांतील असोळणें येथें, बोलाविलें. जूनमध्यें लोहिया तेथें गेले. समुद्र जवळ, पावसाळ्याचा आरंभ, स्नेह्याचें घर. प्रकृति सुधारण्यास याहून चांगली जागा कोणती? परंतु लोक भेटावयास येऊं लागले, आणि त्यांच्या तोंडून कळलें कीं या मुलुखांत सरकारच्या परवानगीवांचून सभा भरवितां येत नाहीं आणि छापावयाचा मजकूर आधीं तपासून घ्यावा लागतो. १८ जून १९४६ रोजीं मडगांवीं लोहिया आणि मिनेझिश यांनीं ती मनाई मोडली. दोघांस अटक झाली, आणि लवकरच लोहियांस गोव्याच्या हद्दीबाहेर पोंचविण्यांत आलें. त्याच वर्षीं सप्टेंबरमध्यें ते पुनः निघाले, तेव्हां त्यांना कुळें स्टेशनावरच अडविण्यांत आलें व आग्वादच्या किल्ल्यांत ठेवण्यांत आलें. ज्या नाक्यावर एरवीं प्रवाशांच्या ट्रंका उघडल्या जात, तेथें या खेपेस प्रवासीच पकडला गेला.

लोहियांनीं कायदा जाणूनबुजून मोडला आणि त्याचें फळ भोगलें; तो सत्याग्रहीचा मार्ग होय, आणि गोव्याच्या मुक्तिलढ्याचा नवा अध्याय त्यांतून सुरू झाला. सहलीस निघालेल्या कुटुंबाची गोष्ट निराळी असते. त्याच्या हातून परक्या मुलुखाचा कायदा मोडलाच तर तो अजाणतां मोडला जातो, आणि अजाणतेपणा ही कोणत्याहि न्यायासनापुढें सबब होत नाहीं.

समुद्रकांठ निवडणारास दुसरा विचार ऋतूचा करावा लागे. गोव्यास जाण्याची एक वाट मुंबईहून आगबोटीनें पणजीस जाण्याची होती. कोंकणच्या किनाऱ्यावरील ही वाहतूक जूनच्या सुमारास बंद पडे, ती समुद्र निवळेपर्यंत सुरू होत नसे. सोलापूरच्या शाळांची सुटी नेमकी या बंद होण्याच्या अलीकडची. म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस आगबोटीनें गेलेल्या कुटुंबास जाण्याची बोट मिळाली तरी येण्याची मिळेलच असें नसे. आगगाडीची वाट लांबची खरी, परंतु पावसांत ती वाट उपयोगी पडे. म्हणून जाणते लोक दोन्ही वाटांची चौकशी करून ठेवीत. पावसाळी समुद्राची थट्टा करूं नये, हा धडा १७ जुलै १९४७ रोजीं साऱ्या महाराष्ट्रास मिळाला. त्या दिवशीं 'रामदास' नांवाची बोट मुंबईहून समोरच्या रेवस बंदरास जात असतां काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. ती परदेशास निघालेली बोट नव्हती. नित्याची, घरीं जाणारी बोट होती.

आतां शहराच्या वाटेकडे वळावयाचें. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाल्यापासून विलायतेचें अंतर महिन्यांऐवजीं आठवड्यांत मोजूं लागले. तरी ही वाट दीर्घकाळ विद्यार्थ्यांची, व्यापाऱ्यांची आणि संस्थानिकांची राहिली. केवळ हवापालटासाठीं तिकडे जाणें ही सामान्य घराची गोष्ट नव्हती. खर्च मोठा होताच, शिवाय परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावें कीं न घ्यावें हा वाद दाराशीं उभा असे. म्हणजे त्या काळीं परतीची वाट केवळ समुद्रांतून जात नव्हती, ती स्वतःच्या ज्ञातींतूनहि जात होती.

या वाटेवरील जहाजें बहुतांशीं इंग्रज कंपन्यांचीं. १८८२ सालीं सोलापुरांत जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं नरोत्तम मोरारजी इत्यादि सहकाऱ्यांसह १९१९ सालीं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजीं तिची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेली ही बोट नवी नव्हती आणि फार काळ चाललीहि नाहीं. परंतु हिंदी मालकीच्या कंपनीची बोट विलायतेस जाऊं शकते हें त्या दिवशीं सिद्ध झालें, आणि तोच दिवस पुढें राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जाऊं लागला. ज्या गांवास नदीदेखील दुरून वाहते, त्या गांवच्या पुत्रानें समुद्राची वाट आपल्या लोकांच्या हातीं आणण्याचा उद्योग करावा, याचें महत्त्व प्रवाशाच्या दृष्टीनें असें कीं, वाट ज्याच्या हातीं त्याच्याच हातीं परतणें असतें.

हाच अनुभव आदल्या वर्षीं लोकमान्य टिळकांस आला होता. १९१८ च्या वसंतांत टिळक व त्यांचे सहकारी होमरूलचें शिष्टमंडळ घेऊन विलायतेस निघाले. सारी तयारी झालेली, पासपोर्ट हातांत, मद्रासेवरून कोलंबोपर्यंत मजल गेलेली. तेथें कळलें कीं विलायतच्या युद्धमंत्रिमंडळानें पासपोर्ट रद्द केले आहेत. मंडळी कोलंबोहून परत फिरली. त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत चिरोल खटल्याच्या निमित्तानें टिळकांना जातां आलें, पण तें निराळ्या अटींवर. हातांतील कागद खरा असला तरी तो दुसऱ्याच्या इच्छेवर खरा असतो, हें त्या प्रसंगानें दाखविलें. पुढें १९२० सालीं हिंदुस्थानांत येणाऱ्यांकडे पासपोर्ट मागण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा झाला, आणि स्वदेशीं परतण्याससुद्धां कागद लागूं लागला.

परतीची वाट न पाहतां निघालेली माणसें सोलापुरानें पाहिलेलीं नाहींत असें नाहीं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं पांच डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले. वडील वारल्याची बातमी त्यांना तिकडेच मिळाली. सहकारी यथाकाल परतले, कोटणीस राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, तेथेंच त्यांचा अंत झाला. सोलापुरांतील त्यांच्या घराचें आज स्मारक झालेलें आहे. व्रतासाठीं जाणारानें परतीचा हिशेब मांडावयाचा नसतो, म्हणून तर त्याचें स्मारक होतें. सुखासाठीं जाणारानें मात्र तो मांडलाच पाहिजे. त्याच्या मागें वाट पाहणारें घर असतें.

शेजारच्या परदेशाची वाट बंद झाली ती अशाच घरांच्या डोळ्यांदेखत. स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, फ्रेंच पुदुचेरी सोडून गेले, पण पोर्तुगालच्या सालाझार सरकारानें गोवा सोडण्याचें नाकारलें. १९५४ पासून येण्याजाण्यावरचे निर्बंध कडक होत गेले. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रह्यांवर पोर्तुगीजांनीं गोळीबार केला, अनेक सत्याग्रही मृत्युमुखीं पडले, आणि त्यानंतर भारत सरकारनें गोव्याशीं असलेले संबंध तोडले. घाटांतून मुरगांवास जाणारी गाडी थांबली. कुलदैवताची यात्रा, बहिणीचें घर, मुंबईंत नोकरी करणाऱ्याचें वर्षाकांठचें घरीं जाणें, हें सारें एका सीमेवर अडकून पडलें. वाट साठ-सत्तर वर्षें चालू होती म्हणून ती पुढेंहि चालू राहील, असें मानणाऱ्यांचा हिशेब चुकला. १९ डिसेंबर १९६१ रोजीं भारतीय सैन्यानें गोवा मुक्त केला, तेव्हां कुळ्याचें नाकें उठलें आणि सोलापूरकरांचा शेजारचा परदेश स्वदेश झाला.

त्यानंतरचा परदेश खरोखरीच दूरचा होता. परकीय चलनाच्या टंचाईमुळें कित्येक वर्षें सहलीसाठीं डॉलर किंवा पौंड मिळणें दुर्घट होतें. २००४ सालीं रिझर्व्ह बँकेनें प्रत्येक रहिवाशास वर्षास २५,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशीं नेण्याची मोकळीक दिली. ही मर्यादा पुढें वाढत २,५०,००० डॉलर झाली. पैशाची वाट मोकळी झाली, विमानें वाढलीं, आणि बाली, दुबई, सिंगापूर हीं नांवें सोलापूरच्या घरांत महाबळेश्वराइतकीं सहज उच्चारलीं जाऊं लागलीं. परंतु मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या साथींत भारतानें आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानें बंद केलीं, आणि परदेशीं गेलेले हजारों प्रवासी जागच्या जागीं अडकले. त्यांना आणण्यासाठीं ७ मे २०२० पासून सरकारला 'वंदे भारत' मोहीम चालवावी लागली. १९५५ चा धडा पासष्ट वर्षांनीं साऱ्या जगानें गिरविला.

या इतिहासांतून आजच्या कुटुंबानें घ्यावयाचें तें एवढेंच कीं, समुद्र कीं शहर हें ठरविण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. पहिली ऋतु. आपली सुटी एप्रिल-मेची. त्या काळांत श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, मालदीवांत आणि थायलंडच्या अंदमान समुद्राकडील बाजूस नैर्ऋत्य मोसमी पावसाचा आरंभ होऊं लागतो. बालीस मात्र एप्रिलपासून कोरडा हंगाम असतो. मे महिन्यांत दुबईस जाणें म्हणजे सोलापूरचें ऊन सोडून तिकडचें ऊन विकत घेणें होय. त्याच वेळीं युरोपांतील शहरें सौम्य व सुखावह असतात. मन समुद्राकडे ओढत असेल आणि महिना शहराचा असेल, तर महिन्याचें ऐकावें.

दुसरी गोष्ट कायदा. घरच्या डिंकाच्या लाडवांतील खसखस संयुक्त अरब अमिरातींत निषिद्ध पदार्थांत मोडते. सिंगापुरांत चघळण्याच्या गोंदाची आयात १९९२ पासून बंद आहे. ऑस्ट्रेलियांत खाण्याचा जिन्नस लपवून नेल्यास जबर दंड होतो. आईनें प्रेमानें बांधून दिलेला डबा कुळ्याच्या नाक्यावर उघडला जाईल, असें समजूनच तो भरावा.

तिसरी गोष्ट परतीची. अनेक देश प्रवेशसमयीं पासपोर्टची मुदत आणखी सहा महिने शिल्लक असावी अशी अट घालतात. शेंगेन राष्ट्रांच्या व्हिसासाठीं किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि आजारी पडल्यास स्वदेशीं परत पाठविण्याचा खर्चहि त्यांत धरलेला असावा लागतो. पुष्कळ लोक या विम्याकडे व्हिसाची एक कटकट म्हणून पाहतात. वस्तुतः परक्या सरकारनें आपल्या परतीचा विचार आपल्या आधीं केलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. याशिवाय परतीचें तिकीट शेवटच्या दिवसाचें न घेतां एखादा दिवस हातचा राखून घ्यावें, कागदांची एक प्रत घरीं ठेवावी, आणि आपल्या वकिलातीचा पत्ता वहींत लिहून न्यावा.

जून २०२५ मध्यें सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून गोव्यास जाणारी विमानसेवा सुरू झाली. ज्या होटगीस एके काळीं गाडी बदलून परदेशाची वाट धरावी लागे, त्याच दिशेस उभ्या असलेल्या विमानांतून प्रवासी दूधसागराच्या घाटावरून पलीकडे गेले. खालीं ना जकातीचें नाकें, ना परक्याचें निशाण. ही वाट इतकी सोपी होण्यास १५ ऑगस्ट १९५५ रोजीं सीमेवर पडलेल्यांचें मोल द्यावें लागलें. बालीस किंवा लंडनला जातांना एवढें मोल आज कोणी मागत नाहीं. थोडी आगाऊ चौकशी तेवढी पुरते.